व्हिक्टोरिया राहू द्या, चितपूर रोडनं चाला

कोलकात्याला चाललोय असं ऑफिसात नुसतं बोलून बघा, संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवर यादी हजर, आणि सगळ्यांची यादी एकच असते. व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा ब्रिज, बेलूर मठ, सायन्स सिटी, इको पार्क, संध्याकाळी पार्क स्ट्रीट, परत येताना रसगुल्ल्याचा डबा. यादीत वाईट काही नाहीये, पण हातात फक्त एक लाँग वीकेंड असेल तर ही यादी संपवण्यात निम्मा वेळ टॅक्सीत जातो आणि उरलेला तिकिटाच्या रांगेत, मग घरी येऊन लोक म्हणतात की कोलकात्यात काय, गर्दी आणि घाम. माझं मत सरळ आहे, वेळ कमी असेल तर बोऊबाजारच्या खाली, म्हणजे दक्षिणेला, उतरूच नका, उत्तर कोलकाता धरा, पायी फिरा, आणि पहाटे उठा. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं कारण या भागाची खरी मजा सकाळी दहाच्या आत असते.

आम्ही गेलो ते जानेवारीत, संक्रांत झाल्यावर. नागपूरकरांना कोलकाता तसं लांब नाही, संध्याकाळी मुंबईहून येणाऱ्या गाडीत बसलं की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा. सोबत आई होती. आईबरोबर फिरायचं म्हणजे देवळं आली, तर दक्षिणेश्वर केलं, आता तिथपर्यंत थेट मेट्रो जाते त्यामुळे फार वेळ मोडत नाही. व्हिक्टोरिया आम्ही टॅक्सीतून बघितलं, पांढरं आहे, मोठं आहे, छान आहे. आईनं विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं म्युझियम. "मग राहू दे."

राहायला हॉटेल घेतलं होतं गिरीश पार्क मेट्रोजवळ. बहुतेक मराठी मंडळी दक्षिणेला राहतात, हाजरा रोडला महाराष्ट्र निवास आहे, ओळखीचं जेवण, ओळखीची भाषा, सगळं कबूल. पण उत्तरेत राहिलात तर सकाळी दार उघडून चालायला लागलं की झालं, टॅक्सीचा विषयच नाही. पिवळ्या अँबॅसेडर टॅक्स्या पण आता शोधाव्या लागतात.

पहिल्या सकाळी मल्लिक घाटाचा फूल बाजार. हावडा ब्रिजच्या कोलकात्याकडच्या टोकाला, अगदी पुलाखालीच. पुलावरून फोटो सगळेच काढतात, खाली उतरणारे कमी. उतरायच्या पायऱ्यांवरच समजतं की इथं प्रवाशांना कोणी विचारत नाही, डोक्यावर झेंडूच्या माळांचं अख्खं भेंडोळं घेतलेला माणूस ओरडत खाली येतो आणि तुम्ही भिंतीला चिकटून उभं राहायचं असतं. केशरी माळा, पिवळ्या माळा, दोरखंडासारख्या गुंडाळून ठेवलेल्या, आणि पायाखाली तुडवलेल्या पाकळ्यांचा चिखल, चप्पल घसरते त्यामुळे मागे पट्टा असलेलीच घाला. जानेवारी म्हणून डेलिया, ग्लॅडिओलस, गुलाबांचे कागदात बांधलेले जुडगे पण होते. आईनं माळांचा भाव विचारला, मग मोबाईल काढून घरी फोन करून आमच्याकडच्या सीताबर्डीच्या फूल बाजारातला भाव विचारला, आणि मग विकणाऱ्याला हिंदीत सांगितलं की तू फार स्वस्त देऊन राहिला. असा गिऱ्हाईक त्याला आयुष्यात भेटला नसेल. घासाघीस न करता वर दोन गुलाब फुकट मिळाले.

घाटावर खाली लोक अंघोळ करत असतात, आणि डोक्यावर तो अजस्र पूल. १९४३ साली उघडला, नट-बोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटवर. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त आवडते. लोक पान-गुटखा खाऊन खांबांच्या बुडाशी इतकं थुंकले की तिथलं लोखंड खरोखर झिजायला लागलं, शेवटी पोर्ट ट्रस्टला त्या बुडांना फायबरग्लासचं आवरण घालावं लागलं. भूकंप-वादळाचा हिशेब इंजिनिअरनं केला असेल, थुंकीचा कोण करणार. आम्ही नागपूरचे, खर्ऱ्याच्या गावचे, त्यामुळे यावर जास्त बोलायचा अधिकार आम्हाला नाही.

तिथून बागबाजारला जायचे दोन रस्ते. एक नदीतून, फेरीनं, तिकीट इतकं किरकोळ की सुट्टे काढायलाच जास्त वेळ लागतो. दुसरा नदीच्या काठाकाठानं, एका बाजूला घाट, दुसऱ्या बाजूला जुनी गोदामं, आणि मध्ये चक्र रेलचा रूळ. हा रूळ म्हणजे कमाल आहे, लोक त्याच्या शेजारी बसून दाढी करून घेतात, कपडे वाळत घालतात, गाडी आली की जरा सरकतात. आम्ही जाताना फेरी घेतली. गंगासागरच्या यात्रेहून परतणारी बरीच मंडळी होती, गाठोडी, कमंडलू, प्लास्टिकच्या कॅनमध्ये समुद्राचं पाणी, आईला लगेच गप्पा मारायला माणसं मिळाली, कोणाला तिचं हिंदी समजत होतं कोणाला नाही, चाललं होतं.

आता बागबाजार. इथं मला एक गल्ली बघायचीच होती. नकाशावर तिचं नाव आहे मराठा डिच लेन. म्हणजे मराठा खंदक गल्ली. गाईड लोक इथं कोणाला आणत नाहीत कारण बघायला तिथं काहीच नाही, घरं आहेत, हिरव्या झडपांच्या खिडक्या, वायरींचं जंजाळ, एक इस्त्रीवाला, आणि भिंतीवर ती पाटी. पण नागपूरच्या माणसानं या पाटीसमोर दोन मिनिटं उभं राहिलं पाहिजे असं मला वाटतं, कारण हा खंदक आमच्यासाठीच खणला होता!

झालं असं की १७४२ मध्ये आमच्या रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालात शिरले. चौथाई वसूल करायची म्हणून. तेव्हा बंगालचा नवाब अलीवर्दी खान. फौजेतल्या बारगीर घोडेस्वारांना बंगाली लोक बोर्गी म्हणायचे. कोलकाता तेव्हा इंग्रजांची वखार आणि तिच्याभोवती वाढलेली वस्ती, तिथल्या लोकांना वाटलं आता हे इथं पण येणार, म्हणून नवाबाच्या परवानगीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला. ठरवला होता सात मैल, सहा महिन्यांत झाला जेमतेम तीन मैल, आणि मराठे काही कोलकात्यावर आलेच नाहीत, म्हणून काम तिथंच सोडून दिलं. पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला, आज आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि जगदीशचंद्र बोस रोड म्हणतात तो. म्हणजे कोलकात्याच्या ट्रॅफिकमध्ये जो रस्ता दिवसभर तुंबलेला असतो तो आमच्या भीतीनं खणलेल्या खड्ड्यावरून जातो.

हे वाचताना जरा मजा वाटते खरी, पण पुढचं वाचलं की मजा उतरते. या स्वाऱ्या जवळजवळ दहा वर्षं चालल्या, गावं जाळली, लुटालूट, माणसं देशोधडीला लागली, त्या काळातल्या बंगाली कवींनी हे सगळं लिहून ठेवलंय आणि ते वाचायला सोपं नाही. १७४४ मध्ये अलीवर्दीनं बोलणी करायला म्हणून भास्कररामांना मनकरा इथं तंबूत बोलावलं आणि सरदारांसकट मारून टाकलं. मग रघूजी स्वतः आले, आणि १७५१ च्या तहात वर्षाला बारा लाख चौथाई आणि ओडिशा असं पदरात पडलं. आम्ही नागपूरच्या महाल भागात वाढलो, भोसल्यांचा वाडा रोज बघितला, पण त्याच वाड्यातून निघालेल्या फौजेच्या नावानं तिकडे पोरांना झोपवायची अंगाई आहे, बोर्गी आले आता सारा कुठून भरायचा अशा अर्थाची, हे मला कॉलेज संपेपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. अभिमान पण नाही आणि लाज पण नाही, पण माहीत तर पाहिजे ना.

गल्लीच्या तोंडाशी एका घराच्या ओट्यावर तीन म्हातारे पेपर वाचत बसले होते. हे घराबाहेरचे ओटे, रोक म्हणतात त्यांना, उत्तर कोलकात्यात जागोजागी दिसतात आणि त्यावर कोणी ना कोणी बसलेलं असतंच. आम्ही पाटीचा फोटो काढतोय म्हणून एकानं विचारलं, "कोथा थेके?" मी म्हटलं नागपूर, महाराष्ट्र. ते क्षणभर गप्प, मग शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "बोर्गी!" आणि तिघं जे हसायला लागले. आईला काही कळेना. मी थोडक्यात सांगितलं. तर आई त्यांना हात जोडून म्हणते, "हम तो सिर्फ गुड लेने आए हैं." त्यावर चहा आला, मातीच्या भांड्यात, आणि गूळ कुठून घ्यायचा, कुठून अजिबात घ्यायचा नाही, यावर त्या तिघांचं आपसातच भांडण लागलं ते आम्ही निघेपर्यंत चालू होतं.

बागबाजारात बाकी पण बरंच आहे. रामकृष्ण परमहंसांच्या पत्नी शारदा माँचं घर, मायेर बाडी. भगिनी निवेदितांचं बोसपाडा लेनमधलं घर. नाटककार गिरीश घोष यांचं घर तर चक्क रस्त्याच्या मधोमध उभं आहे, रस्ता रुंद करताना पाडलं नाही, दोन्ही बाजूंनी गाड्या जातात. रविवारी सकाळी गालिफ स्ट्रीटला रोपांचा आणि पाळीव प्राण्यांचा बाजार भरतो, रोपं बघायला छान, पिंजऱ्यांकडे मला बघवलं नाही.

कुमारटुलीला, म्हणजे मूर्तिकारांच्या वस्तीला, मात्र वेळ काढून जा. शोभाबाजार मेट्रोपासून चालत, बनमाली सरकार स्ट्रीट. दुर्गापूजेच्या आधी इथं कॅमेरेवाल्यांची इतकी गर्दी असते की कारागिरांना हात हलवायला जागा नसते, जानेवारीत गेलात तर निवांत, आणि काम जोरात कारण सरस्वती पूजा तोंडावर असते. बंगालात वसंत पंचमीला शाळा-कॉलेजात, गल्लीगल्लीत, घराघरात सरस्वती बसते, त्यामुळे एकेका कारखान्यात लहान-मोठ्या मूर्तींच्या रांगाच रांगा. काही नुसत्या गवताच्या, काही मातीच्या ओल्या, काही पांढऱ्या रंगाचा हात मारून वाळत ठेवलेल्या, आणि सगळ्यांच्या पायाशी हंस.

एका ठिकाणी आम्ही बराच वेळ उभे राहिलो. एक दादा काठामो बांधत होता, म्हणजे बांबूचा सांगाडा आणि त्यावर भाताच्या पेंढ्याचं शरीर. पेंढ्याची मूठ घ्यायची, वाकवायची, सुतळीचे चार-पाच वेढे, दातांनी गाठ ओढायची, झाला दंड. त्याखाली दुसरी मूठ, हा झाला कोपरापासूनचा हात. मोजपट्टी कुठेच नाही. डोकं नाही, बोटं नाहीत, तरी ती बसलेली बाई आहे आणि तिच्या हातात वीणा येणार आहे हे त्या पेंढ्यावरूनच दिसायला लागलं होतं, कंबरेचा तो बाक त्यानं कसा आणला मला अजून कळलेलं नाही. पुढच्या टेबलावर एक पोरगा फक्त बोटं करत होता. मातीची वळी करायची, चिमटीत दाबून टोक काढायचं, नखानं नख कोरायचं, आणि फळीवर ओळीनं मांडायचं, शेकडो बोटं फळीवर वाळत पडलेली. मुखवटे वेगळे, साच्यातून काढलेले. पहिला थर चिकट मातीत भाताचं तूस कालवून, तो वाळला की तडे जाणारच, मग त्या तड्यांवर पातळ मातीत भिजवलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या, आणि वरून बारीक गाळाच्या मातीचा हात. डोळे सगळ्यात शेवटी. दुर्गेचे डोळे महालयेला, म्हणजे नवरात्राच्या आदल्या अमावास्येला, काढायची पद्धत आहे, त्याला चोक्खूदान म्हणतात.

आई लहानपणापासून महालातली चितारओळ बघत आलेली, गणपती कसे करतात तिला सगळं माहीत, त्यामुळे ती कौतुकाच्या मूडमध्ये नव्हती, परीक्षकाच्या होती. "आमच्याकडे पेंढा इतका नाही भरत." दादा म्हणाला, "आपनादेर गणेश छोटो," तुमचा गणपती लहान असतो. हे ऐकून आई जी पेटली, तिनं फोनवर नागपूरच्या राजाचे फोटो दाखवले. दोघं हिंदी-बंगाली-मराठीत भांडले आणि शेवटी त्यानं तिला बोटांच्या फळीजवळ बसवून एक बोट करायला लावलं. ते फळीवर नाही ठेवलं त्यानं, पण हसून खिशात टाकलं. २०२१ मध्ये दुर्गापूजेला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली वगैरे आपण पेपरात वाचतो, इथं गल्ली दोन हात रुंद, वर निळं प्लास्टिक, आणि पावसाळ्यात माती वाळत नाही म्हणून स्टोव्हच्या झोतानं वाळवतात. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि वाटेत उभं राहू नका, सगळं सामान डोक्यावरून येतं.

कुमारटुलीवरून दक्षिणेला चालत निघालं की चितपूर रोड. अधिकृत नाव रवींद्र सरणी. हा रस्ता शहराच्या आधीपासूनचा, कालीघाटला जाणाऱ्या यात्रेकरूंची वाट होती म्हणतात. आजही तो तसाच आहे, म्हणजे अरुंद, वाकडा आणि कोणाचंही न ऐकणारा. जुने ट्रामचे रूळ मध्ये मध्ये दिसतात. ट्राम १८७३ मध्ये घोड्यांची सुरू झाली, १९०२ पासून विजेवर, आणि २०२४ मध्ये सरकारनं जाहीर केलं की मैदानाजवळचा छोटा तुकडा सोडून बाकी बंद. यावर तिकडच्या लोकांचं तुंबळ भांडण चालू आहे आणि मी ट्राम ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूनं आहे.

चितपूर रोडवर जात्रा कंपन्यांची ऑफिसं आहेत, जात्रा म्हणजे बंगालचं लोकनाट्य, आपल्याकडच्या झाडीपट्टीच्या नाटकांची बहीण समजा, तशीच भडक पोस्टरं, रडणारी नायिका, मिशीवाला खलनायक, आणि खाली बुकिंगचे नंबर. पुढे बँडवाल्यांची दुकानं, काचेत लाल कोट टांगलेले. मग अत्तरवाले आणि नाखोदा मशीद, कच्छी मेमन समाजानं बांधलेली, १९२६ ची, सिकंदऱ्याच्या अकबराच्या थडग्याच्या धर्तीवर. मशिदीजवळच्या रॉयलमध्ये मटण चाप खाल्लं. आम्ही सावजी खाणारे लोक, आम्हाला तिखट नाही म्हणून नावं ठेवायची सवय, पण हे चाप गपचूप खाल्लं.

मध्येच डाव्या हाताला जोडासांको, टागोरांचं घर. सोमवारी बंद असतं हे लक्षात ठेवा. म्युझियमबद्दल सगळीकडे वाचायला मिळेल म्हणून लिहीत नाही, फक्त एक गोष्ट. बोर्गींच्या अंगाईच्या याच बंगालात १९०४ साली रवींद्रनाथांनी शिवाजी महाराजांवर लांबलचक कविता लिहिली, आणि त्यामागे होते सखाराम गणेश देऊस्कर, मराठी घराण्यातले, पण बंगालीत लिहिणारे, स्वदेशीच्या काळात बंगालात शिवाजी उत्सव रुजवणारे. देऊस्करांचं नाव आमच्या पिढीला जवळपास माहीतच नाही.

रविवारी पहाटे टिरेटा बाजार. हा कोलकात्याचा जुना चायनाटाउन, लालबाजारच्या मागे पोद्दार कोर्टाजवळ. साडेसहाच्या आत पोचा, आठनंतर भांडी धुवायला घेतात. पूर्वीइतकं राहिलं नाही असं तिथलेच लोक सांगतात, चिनी कुटुंबं बरीचशी कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली, पण अजून काही आजीबाई फुटपाथवर ॲल्युमिनियमची मोठाली पातेली मांडून बसतात. माशाच्या गोळ्यांचं सूप, वाफाळलेले पाव, पोर्कचे मोमो, सॉसेज. आईनं दुरूनच झाकणं बघितली आणि म्हणाली, "मले नको सांगू काय काय आहे ते, तू खा." ती शेजारच्या गाड्यावर कचोरी-जिलबी खात बसली आणि मी सूप प्यायले, थंडीत त्या सूपला तोड नाही. मागच्या गल्लीत सी इप चर्च आहे, नाव चर्च पण आत वर क्वान यिन देवीचं देऊळ, लाल कंदील, उदबत्त्यांचा धूर. तिथं मात्र आई निवांत बसली. देवीला हळद-कुंकू चालतं का म्हणून मला विचारत होती. पू चाँगच्या दुकानातून हिरव्या मिरचीचा सॉस घ्या, पोह्यांवर पण चालतो, तर्री नसेल तेव्हा.

तिथून जवळच मागेन डेव्हिड सिनेगॉग, १८८४ चं. बगदादी ज्यूंनी बांधलं, लाल विटांचं, वर घड्याळाचा मनोरा, त्यामुळे बाहेरून चर्चच वाटतं, आणि खाली बाजार इतका खेटून की प्लास्टिकच्या बादल्यांच्या ढिगातून आत शिरावं लागतं. शनिवारी बंद. ओळखपत्र दाखवायचं, वहीत नाव लिहायचं. एकेकाळी शहरात हजारोंनी ज्यू होते, आता अगदी मोजके उरलेत. देखभाल करणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान, मूळची ओडिशाची. आम्हाला दार उघडून दिलं त्या काकांनी दिवे लावले, रंगीत काचा दाखवल्या, आणि जरा बाजूला जाऊन आपल्या नमाजाची वेळ झाली का बघायला घड्याळ बघितलं. जवळच आर्मेनियन चर्च पण आहे, १७२४ चं, अंगणभर थडग्यांच्या शिळा, त्यांच्यावरून चालल्याशिवाय दारापर्यंत जाताच येत नाही. आईनं चप्पल हातात घेतली तरी तिला ते काही पटलं नाही, ती कडेकडेनं गेली.

परत येताना नदीखालची मेट्रो मुद्दाम घेतली, २०२४ मध्ये सुरू झाली ती. एस्प्लनेड ते हावडा. नदीखाली गाडी आली की बोगद्यात निळे दिवे लागतात, पाऊण मिनिटात संपतं. तेवढ्यात आईनं वर बघून गंगेला नमस्कार केला, समोर बसलेल्या पोरीनं पण केला.

गोडाचं सांगायचं तर रसगुल्ल्याच्या मागे फार लागू नका, म्हणजे खा, बागबाजारच्या नवीनचंद्र दासांनी १८६८ मध्ये तो तिथंच बनवला असं बंगाल मानतो आणि ओडिशा अजिबात मानत नाही, दोघांनी वेगवेगळे जीआय टॅग घेऊन ठेवलेत. पण जानेवारीत गेलात तर संदेश खायचा, नोलेन गुडाचा. खजुराच्या रसाचा हा नवा गूळ फक्त थंडीत मिळतो. नकुडचं दुकान, १८४४ पासूनचं, हेदुआजवळच्या गल्लीत, दुकान म्हणजे लोखंडी जाळी आणि जाळीपलीकडे ट्रे, बसायला जागा नाही, फुटपाथवर उभं राहून खायचं. जोलभरा घ्या, आत पातळ गूळ असतो, पहिला घास सांभाळून. बोऊबाजारला भीम नागच्या दुकानात गेलात तर मिठाईइतकंच भिंतीवरचं घड्याळ बघा, कुक अँड केल्वी कंपनीचं, आकडे बंगालीत. गोष्ट अशी सांगतात की कंपनीच्या साहेबानं मिठाई खाल्ली, खूश झाला, दुकानात घड्याळ का नाही विचारलं, नागबाबू म्हणाले माझ्या माणसांना इंग्रजी आकडे वाचता येत नाहीत, तर साहेबानं लंडनहून बंगाली आकड्यांची तबकडी करवून आणली.

सोमवारची आखणी नीट करा, बहुतेक म्युझियम बंद असतात. आम्ही सोमवार कॉलेज स्ट्रीटला दिला, रविवारी तिथली पुस्तकांची दुकानं बंद म्हणून. कॉफी हाऊसमध्ये कॉफी साधारण, आवाज प्रचंड, वेटरचे तुरे बघण्यासारखे. त्यापेक्षा पॅरामाउंटचं शहाळ्याचं सरबत, १९१८ पासूनचं दुकान, संगमरवरी टेबलं, आत मलईचे तुकडे. मार्बल पॅलेस बघायचा असेल तर पर्यटन ऑफिसातून आधी पास काढावा लागतो आणि सोमवार-गुरुवार बंद, आमचं राहिलं.

गूळ आम्ही शेवटी त्या ओट्यावरच्या तिघांपैकी सगळ्यात कमी बोलणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलेल्या दुकानातून घेतला, पाटाली म्हणतात त्या ढेपा, शिवाय पातळ झोला गूळ बाटलीत. पातळ गूळ ट्रेनमध्ये नेताना बाटली कापडात गुंडाळून उभी ठेवा आणि बूच दर दोन तासांनी सैल करा, आंबायला लागला तर उडतं. घरी आल्यावर आईनं पाटालीच्या गुळपोळ्या करायला घेतल्या, तो गूळ तव्यावर गेला की पाण्यासारखा पळतो, पहिल्या पोळीतच सगळा बाहेर. मग बेसन जास्त घातलं, तीळ भाजून कुटून घातले, तरी तेच. आता रोज ज्वारीच्या भाकरीबरोबर खातोय, वरून तूप, आणि फेब्रुवारी संपायच्या आत संपवायचाय.